मेल नेमका अडला कुठे?

पावसाळ्यात सांगलीचा माणूस सकाळी उठला की आधी मोबाईलवर पाटबंधारे खात्याचा तक्ता उघडतो. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, मग कराडचा कृष्णा पूल, बहे पूल, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली. प्रत्येक नावापुढं फूट-इंच आणि वर वेळ. आयर्विन पुलाला ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ च्या वर गेला होता. पण मुरलेला सांगलीकर नुसता आयर्विनचा आकडा वाचून थांबत नाही. भिलवडीला चढतंय आणि आयर्विनला अजून स्थिर आहे, म्हणजे पाणी वाटेत आहे. वर उतरलं आणि खाली चढतंय, तर आणखी काही तास कळ काढायची. कुठल्या ठिकाणी, किती वाजता, काय नोंदलं गेलं, याचा मेळ घालून तो आपल्या दाराशी काय येणार ते ताडतो.

ई-मेलच्या सर्व्हरचे लॉग वाचायचे तेही असेच. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्याला पुण्याहून आलेला मेल मालकाच्या मोबाईलवर पोचेपर्यंत चार-पाच यंत्रांतून जातो, आणि प्रत्येक यंत्र आपल्या वहीत एक ओळ लिहून ठेवतं: अमुक वाजता, अमुक ठिकाणाहून, अमुक आलं, आणि मी त्याचं असं केलं. मेल येईना म्हणून तक्रार आली, की या ओळी ठिकाणवार आणि वेळवार लावायच्या. जिथपर्यंत ओळ सापडते तिथपर्यंत मेल पोचला. पुढच्या ठिकाणी ओळ नाही, तर अडचण त्या दोहोंच्या मध्ये.

प्रत्यक्षात होतं काय? कुपवाडच्या एखाद्या कंपनीत खरेदी खात्यातला माणूस आयटीवाल्याला गाठतो. "दादा, सकाळधरनं मोबाईलवर मेल यीना झालाय बघा." आयटीवाला फोन हातात घेतो, बंद करून चालू करतो, तरी जमेना तर अकाउंट काढून पुन्हा टाकतो. बऱ्याचदा चालूही होतं. मला हा उपाय मुळीच पसंत नाही. एक तर अख्खी मेलपेटी नव्यानं फोनवर उतरते आणि सर्व्हरवर फुकटचा भार पडतो. दुसरं म्हणजे कारण कळत नाही, त्यामुळं पुढच्या आठवड्यात तीच तक्रार दुसऱ्या टेबलावरून येते. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा, "कॉम्प्युटरवर येतोय का?" "तिथं येतोय की." झालं, निम्मा तपास इथंच संपला. मेल सर्व्हरवर आला आहे, पेटीत पडला आहे. बिघाड आहे तो पेटी आणि फोन यांच्यामधल्या वाटेवर. मग नेमकी वेळ विचारायची, कुठला फोन ते विचारायचं, वायफायवर होता की सिमच्या डेटावर तेही. एवढं कागदावर लिहून लॉगकडं जायचं.

मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर असेल तर फोन त्याच्याशी ॲक्टिव्हसिंक नावाच्या पद्धतीनं बोलतो. नाव काहीही असो, हे बोलणं साध्या वेबसारखंच चालतं. फोन विनंती पाठवतो, सर्व्हर उत्तर देतो आणि सर्व्हरवरचा आयआयएस हा वेबचा भाग प्रत्येक विनंतीमागं एक ओळ लिहितो. ओळ दिसायला भीतिदायक असते, कारण मोकळ्या जागांनी तोडलेले पंधरा-वीस तुकडे सलग येतात. पण त्यातले आपल्याला सहाच हवेत: तारीख-वेळ, वापरणाऱ्याचं नाव, फोनची यंत्र-ओळख, फोननं काय मागितलं ती आज्ञा, सर्व्हरनं दिलेला तीन आकडी निकाल आणि शेवटी या कामाला लागलेला वेळ, मिलिसेकंदात.

यातली पहिलीच गोष्ट नवख्याला चकवते. आयआयएस आपल्या नेहमीच्या मांडणीत वेळ यूटीसीमध्ये लिहितो, आणि आपलं घड्याळ त्याच्यापुढं साडेपाच तास. साताऱ्यात सकाळी सव्वादहाला झालेली चूक लॉगमध्ये ०४:४५ ला सापडते. दिवसाची नवी फाइलसुद्धा आपल्या पहाटे साडेपाचला उघडते. म्हणजे दूध संघाच्या माणसानं "पहाटे पाचला मेल गेला नाही" म्हटलं, तर ती ओळ आदल्या तारखेच्या फाइलीत, २३:३० पाशी बघायची. "लॉगमध्ये काहीच नाही हो" असं सांगून परत आलेल्या कितीतरी जणांनी चुकीच्या तारखेची फाइल चाळलेली असते.

दुसरा चकवा त्या शेवटच्या आकड्याचा. नऊ लाख मिलिसेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं, असा आकडा दिसला की सर्व्हर झोपला असं वाटतं. तो झोपलेला नसतो. २००५ साली एक्स्चेंज २००३ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर डायरेक्ट पुश आलं, आणि तेव्हापासून फोन दर मिनिटाला "आला का, आला का" विचारत बसत नाही. तो 'पिंग' नावाची विनंती पाठवतो. तिचा अर्थ असा, की नवीन काही आलं तर लगेच सांग, नाही आलं तर पंधरा मिनिटांनी 'काही नाही' म्हणून सांग, तोवर मी लाइन धरून आहे. लाइन किती वेळ धरायची ते फोन ठरवतो. एका मिनिटापासून जवळपास तासाभरापर्यंत. त्यामुळं पिंगच्या ओळीत मोठा आकडा म्हणजे तब्येत ठणठणीत. काळजी करायची ती उलट वेळी. दर चार मिनिटांनी पिंग तुटतोय असं दिसलं, तर मधल्या फायरवॉलनं किंवा राउटरनं गप्प बसलेली लाइन मेली समजून कापली असणार. फोन मग शहाणपणानं मुदत कमी करत जातो, वारंवार विचारायला लागतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते. माणूस तक्रार करतो ती बॅटरीची. त्या तक्रारीचं मूळ फायरवॉलच्या एका सेटिंगमध्ये आहे, असं त्याच्या स्वप्नातही येणार नाही.

साताऱ्याहून पुण्याला निघालेल्या फोनचा लॉग तर बघण्यासारखा असतो. खंबाटकी घाटात सिग्नल जातो तेव्हा सर्व्हरनं उत्तर पाठवलेलं असतं, निकाल म्हणून २०० हा 'ठीक आहे'चा आकडा पडलेला असतो, पण त्याच्या पुढच्या एका रकान्यात ६४ लिहिलेलं दिसतं. विंडोजच्या यादीत या ६४ चा अर्थ असा, की पलीकडचं टोक आता जोडलेलं नाही. उत्तर दिलं, पण घ्यायला कुणी नव्हतं. सर्व्हरचा दोष नाही, फोनचाही नाही. हे ६४ ठरावीक एकाच फोनच्या नावावर आणि दिवसभर दिसले, तर त्या माणसाचं फिरणं किंवा त्याचं नेटवर्क तपासावं. सगळ्यांच्या नावावर एकाच वेळी दिसले, तर मात्र कंपनीच्या इंटरनेट लाइनकडं वळावं.

निकालाच्या आकड्यांत ४०१ सगळ्यात बोलका. 'तू कोण ते पटलं नाही', एवढंच तो म्हणतो. एखादा ४०१ काही पद्धतींत ओळखपाळखीचा भाग म्हणून येतोच, तिकडं लक्ष देऊ नये. ४०१ च्या रांगा लागल्या तर मात्र गोष्ट वेगळी. समजा, अकाउंट्समधल्या बाईंनी सोमवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड बदलला. मंगळवारी त्यांचं अकाउंट लॉक झालं. आयटीवाल्यानं उघडून दिलं. अर्ध्या तासात परत लॉक. बाई वैतागल्या, म्हणाल्या, "अहो, मी बरोबरच टाकतेय!" आणि त्या खरंच बरोबर टाकत होत्या. आयआयएसच्या लॉगमध्ये त्यांचं नाव शोधलं तर दोन यंत्र-ओळखी निघतात. एक त्यांच्या फोनची, तिच्यापुढं २०० चे निकाल. दुसरी कुठल्याशा टॅबलेटची, तिच्यापुढं दर काही मिनिटांनी ४०१. तो टॅबलेट विश्रामबागेतल्या घरी नातवाच्या हातात, कार्टून बघायला. दोन वर्षांपूर्वी त्यावर ऑफिसचा मेल घातला होता, ते त्या विसरून गेल्या. तो बिचारा जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावत राहतो, आणि ठरलेल्या संख्येइतके चुकीचे प्रयत्न झाले की सर्व्हर अकाउंटला कुलूप घालतो. अकाउंट उघडून देण्याचं काम शंभर वेळा केलं तरी हे थांबत नाही. टॅबलेटवरचं जुनं अकाउंट काढलं की मिनिटात थांबतं. ४०३ आला तर फोन अजून मंजूर केलेला नाही किंवा मुद्दाम रोखलेला आहे. ४४९ म्हणजे कंपनीचे सुरक्षानियम, फोनला पिन हवा वगैरे, फोननं अजून मान्य केलेले नाहीत. ५०३ म्हणजे सर्व्हर स्वतःच दमलेला आहे.

एका माणसाची तक्रार असेल तर एवढं डोळ्यांनी वाचून होतं. दोनशे फोन असलेल्या कारखान्यात मात्र दिवसाची फाइल लाखो ओळींची, नोटपॅडला उघडतासुद्धा येत नाही. इथं अवजार लागतं. मायक्रोसॉफ्टच्या गॅब्रिएल ज्युसेपिनी यांनी केलेलं लॉग पार्सर हे त्यातलं जुनं आणि माझ्या आवडीचं. त्याची २.२ ही आवृत्ती २००५ ची, आणि आजही ती चालते. लॉगची फाइल म्हणजे जणू डेटाबेसचा तक्ता आहे असं समजून तिला एसक्यूएलमध्ये प्रश्न विचारायचे, ही त्यातली कल्पना. "ॲक्टिव्हसिंकच्या सगळ्या ओळी घे, यंत्र-ओळखीप्रमाणं गट कर, प्रत्येक गटात किती ते मोज आणि उतरत्या क्रमानं दे." दोन-तीन ओळींचा हा प्रश्न काही सेकंदांत फोनांची यादी हातात ठेवतो. २०१२ साली त्यावर लॉग पार्सर स्टुडिओ आला आणि असे कितीतरी प्रश्न आयते मिळायला लागले. ज्याला एसक्यूएल येत नाही त्यानंही नुसती फाइल निवडून बटण दाबावं.

या यादीत बघायचं ते वरचं टोक. साधा फोन दिवसाला काहीशे विनंत्या करतो. एखाद्यापुढं वीस-तीस हजार दिसले की तो फोन कशात तरी अडकून गरगरतोय. २०१३ च्या सुरुवातीला जगभरच्या सर्व्हरवाल्यांनी हेच पाहिलं. ॲपलची आयओएस ६.१ आली आणि एक्स्चेंजच्या डिस्क अचानक भरायला लागल्या. कॅलेंडरमधल्या वारंवार येणाऱ्या एखाद्या मीटिंगमध्ये बदल झाला आणि तो फोननं हाताळला, की फोन आणि सर्व्हर त्या एकाच नोंदीवर घासाघीस करत बसत. प्रत्येक फेरीत डेटाबेसच्या व्यवहारांची नोंद वाढे. हे व्यवहारांचे लॉग वेगळे आणि आपण वाचतो ते विनंत्यांचे वेगळे. डिस्क भरली की डेटाबेस बंद, म्हणजे एकाच्या फोनपायी अख्ख्या कंपनीचा मेल ठप्प. कुणाचा फोन ते सांगितलं विनंत्यांच्या लॉगनं. ॲपलनं त्याच फेब्रुवारीत ६.१.२ काढून दुरुस्ती केली. तोवर त्या फोनांना तात्पुरतं रोखून धरणं हाच बऱ्याच ठिकाणचा इलाज होता.

आता या सगळ्याची अवघड बाजू. कधी कधी ओळच नसते. तक्रारीची वेळ बरोबर, फाइल बरोबर, यूटीसीचा हिशेब बरोबर, तरी त्या फोनचा मागमूस नाही. इथं बरेचजण हात टेकतात. वास्तविक त्या कोऱ्या जागेनं बरंच काही सांगितलेलं असतं: फोन आयआयएसपर्यंत पोचलाच नाही. मग कारणांची यादी एकदम आखूड होते. नावाचा पत्ता चुकीच्या ठिकाणी जात असेल, फायरवॉलनं दारातच अडवलं असेल, नाही तर प्रमाणपत्राची गडबड असेल. सुरक्षित जोडणी करताना फोन आधी सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो, आणि ते पटलं नाही तर विनंती पाठवण्याआधीच पाठ फिरवतो. विनंती नाही, म्हणून ओळ नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्रांमागचं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, आणि सर्व्हर ठणठणीत असताना कितीतरी जुनी यंत्रं जोडणी नाकारायला लागली. फायरवॉलबाबत आपल्याकडं आणखी एक गंमत आहे. मोबाईल कंपन्या एकाच आयपी पत्त्यामागं पुष्कळ ग्राहक बसवतात. कुणा एकाच्या चुकीच्या पासवर्डमुळं फायरवॉलनं तो पत्ता तासभर बंद केला, तर त्याच पत्त्यामागचे तुमचे इतर चार फोनही बाहेर राहतात, आणि वायफायवर आले की आपोआप सुरू होतात. म्हणून शोध घ्यायचा तो यंत्र-ओळखीवरून. आयपी पत्त्याच्या मागं लागलात तर भलत्याच माणसाच्या दारात जाल.

सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या किंवा विट्यातला सूत व्यापारी एक्स्चेंजच्या फंदात पडत नाही. त्याचा मेल असतो कुठल्या तरी होस्टिंगवाल्याच्या लिनक्स सर्व्हरवर, बहुधा पोस्टफिक्सवर. इथले लॉग वाचायला सोपे. पोस्टफिक्स प्रत्येक मेलला एक क्रमांक देतो, आणि ग्रेप ही १९७० च्या दशकातली आज्ञा वापरून तो क्रमांक शोधला की त्या मेलची सगळी कुंडली एकाखाली एक येते. 'डिफर्ड' म्हणजे पलीकडच्यानं आत्ता घेतला नाही, पुन्हा प्रयत्न करतो. 'बाउन्स्ड' म्हणजे परत पाठवला. त्याशेजारी जो आकडा असतो तो ४ नं सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती, ५ नं सुरू होत असेल तर कायमची. हा ४ आणि ५ चा रिवाज १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मेलचे नियम लिहिले तेव्हापासूनचा. चारवाला मेल पोस्टफिक्स आपणहून पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, म्हणून शुक्रवारी "गेला नाही" म्हणून हळहळलेला मेल सोमवारी बिनबोभाट पोचलेला असतो. आणि 'सेंट' या शेऱ्यावर भांडण करू नये. त्याचा अर्थ एवढाच, की पुढच्या सर्व्हरनं तो ताब्यात घेतला. त्यानं तो स्पॅममध्ये टाकला की इनबॉक्समध्ये, आणि समोरच्या व्यापाऱ्यानं वाचला की नाही, याबद्दल आपल्या लॉगला काडीचीही माहिती नसते.

ठिकाणवार ओळी जुळवायच्या तर सगळ्या यंत्रांची घड्याळं एक हवीत. लिनक्सच्या जगातली सिसलॉग ही नोंदींची पद्धत १९८० च्या दशकात बर्कलेला एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या मेलच्याच प्रोग्रॅमसाठी काढली. तिच्या जुन्या मांडणीत महिना, दिवस आणि वेळ असते. वर्ष नसतं आणि कुठल्या देशाची वेळ तेही नसतं. त्यात एखाद्या जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची बॅटरी गेलेली असली, की वीज जाऊन आल्यावर ते भलत्याच तारखेनं उठतं आणि सगळा मेळ बिघडतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं काढलेल्या निर्देशांत म्हणूनच कंपन्यांना एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलं आहे. भारताची प्रमाणवेळ राखण्याचं काम हीच प्रयोगशाळा करते.

त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवायलाही सांगितलंय, आणि खरी पंचाईत इथं होते. लिनक्सवर लॉगरोटेट नावाचं काम जुन्या फाइली साफ करत असतं. बऱ्याच ठिकाणी त्याची मूळ मांडणी दर आठवड्याला एक फाइल आणि मागच्या चार फाइली अशी असते, म्हणजे महिनाभरापूर्वीचं काही उरतच नाही. आयआयएसचं याच्या नेमकं उलट. तो आपणहून एकही फाइल पुसत नाही. वर्ष-दोन वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही तर सी ड्राइव्ह लॉगनंच भरतो, आणि जागा कमी पडली की एक्स्चेंज नवा मेल घ्यायचं थांबवतो. त्यामुळं लिनक्सवर मुदत वाढवावी, विंडोजवर जुन्या फाइली दर महिन्याला दुसऱ्या डिस्कवर हलवून दाबून ठेवाव्यात. निव्वळ मजकुराच्या असल्यामुळं झिप केल्यावर त्या अगदी थोडक्या जागेत मावतात. त्या ठेवायच्या फोल्डरला कुलूप मात्र हवं. लॉगमध्ये मेलचा मजकूर नसतो, पण कोण कुणाला कधी लिहितो आणि कुणाचा फोन रात्री कुठल्या नेटवर्कवर असतो हे सगळं असतं, आणि ते ज्याच्या त्याच्या हाती लागू नये.

मेल क्लाउडवर नेलेला असेल तर आयआयएसच्या ओळी आपल्या हाती राहत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर मेलचा प्रवास दाखवणारा ट्रेस मिळतो, तोही मागच्या ९० दिवसांपुरता; फोनच्या एकेका विनंतीचा हिशेब तिथं असा आयता मिळत नाही. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यापासून आणखी कंपन्या या वाटेनं निघाल्या आहेत. तिथं आयटीवाल्याकडं उरतो तो तक्रारदाराचा फोन, साइन-इनच्या नोंदी आणि "किती वाजता, कुठल्या नेटवर्कवर?" हा प्रश्न.